मत्तयानं गाळलेली थुंकी

आमच्या घरात थुंकीवरून वाद व्हायचे असं सांगितलं की ऐकणाऱ्याला वाटतं, शेजाऱ्यांशी भांडण असणार. तसं नव्हतं. वाद येशूच्या थुंकीवरून होता. बायबलात मार्कानं लिहिलेल्या येशूच्या चरित्रात, म्हणजे मार्काच्या शुभवर्तमानात, एक बहिरा, तोतरा माणूस येतो. येशू त्याला गर्दीतून बाजूला नेतो, त्याच्या कानांत बोटं घालतो, थुंकतो, त्याच्या जिभेला हात लावतो, वर आकाशाकडे बघून उसासा टाकतो आणि 'इप्फाथा' असा एक परका शब्द उच्चारतो. मोकळा हो, असा त्याचा अर्थ. माणूस बरा होतो. पुढच्याच अध्यायात एका आंधळ्याच्या डोळ्यांना थुंकी लागते, आणि तिथं तर पहिल्या खेपेला काम अर्धंच होतं. त्याला माणसं झाडांसारखी दिसायला लागतात म्हणून पुन्हा हात ठेवावे लागतात. अण्णांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं म्हणणं असं की, मत्तय आणि लूक हे दुसरे दोन चरित्रकार लिहायला बसले तेव्हा मार्काचं लिखाण त्यांच्यासमोर होतं. बाकी पुष्कळ त्यांनी उचललं, पण या दोन गोष्टी दोघांनीही गाळल्या. "लाजले," अण्णा म्हणायचे. "गावोगावचे मांत्रिक हेच करत होते. थुंकी, बोटं, कुणाला न कळणारा शब्द. लोकांनी विचारलं असतं, तुमचा येशू आणि आमचा मांत्रिक, फरक काय?" आई इस्पितळात नर्स होती. ती भाकरी थापता थापता म्हणायची, "लाजले नसतील, शहाणे असतील. लूक तर डॉक्टर होता म्हणता ना? कानात थुंकी घालतं का कुणी?"

ख्रिस्ती वस्तीच्या कुंपणालगत आमच्या दोन कौलारू खोल्या होत्या. एका बाजूला उपासनामंदिराची घंटा, दुसऱ्या बाजूला भिंतीपलीकडे लिंगायत वाण्याचं घर. त्या घरातल्या म्हातारीला सगळे अव्वा म्हणत. ती सुनांवर कानडीत ओरडायची आणि आमच्याशी मराठीत ओरडायची. आवाजात फरक नसायचा. दिवसभर तिच्या अंगणात शेंगा फोडल्याचा कुडकुड आवाज चालू असायचा आणि दुपारनंतर भाजलेल्या दाण्यांचा वास भिंतीवरून आमच्याकडे यायचा. रविवारी सकाळी आई मटण मंद चुलीवर चढवून मगच उपासनेला निघायची. त्यामुळे पाळकसाहेबांचा संदेश तिसऱ्या मुद्द्यावर आला की वस्तीतल्या वीस चुलींवरची वीस मटणं खिडकीतून आत येत आणि चौथ्या मुद्द्याकडे कुणाचं लक्ष राहत नसे. पाळकसाहेबांना मात्र सात मुद्दे असायचे. एप्रिलच्या उन्हातही त्यांचा काळा कोट उतरत नसे, आणि ते कुणाच्या घरी प्रार्थनेला येणार असले की त्यांची हातांची खुर्ची त्यांच्याआधी पोचायची. नाताळच्या नाटकात बाळ येशूला भेटी घेऊन पूर्वेकडून येणाऱ्या मागी, म्हणजे ज्ञानी, लोकांपैकी सोनं आणणारा मागी दरवर्षी तेच असत. जरीचा फेटा, खांद्यावर शाल. गव्हाणीतल्या बाळापेक्षा त्यांच्याकडेच लोक जास्त बघत.

या सगळ्यात माझी एक जागा होती आणि ती मला फार प्रिय होती. दर रविवारी मंदिरातल्या फळ्यावर त्या दिवशीच्या गीतांचे आकडे मी लिहायची. माझं अक्षर वस्तीत एक नंबर, असं अण्णाच म्हणायचे, आणि अण्णा सहसा कुणाला काही म्हणत नसत. दुसरं म्हणजे पाठांतर. वर्षातून एकदा जिल्ह्यातल्या सगळ्या मंडळ्यांची मुखपाठ स्पर्धा व्हायची. बाकीची मुलं स्तोत्रं म्हणत. मी त्या वर्षी अख्खा मार्क म्हणणार होते. सोळा अध्याय. दिवेलागणीला घरातली प्रार्थना झाली की मी उभी राहून एक अध्याय म्हणायची, अण्णा पुस्तकात बोट ठेवून तपासायचे आणि कुठं अडखळले नाही तर मान हलवायचे. ती मान हलली की मला जेवण गोड लागायचं. आज मला कळतं की माणसानं एवढ्या छोट्या हालचालीवर जगू नये. पण तेव्हा मी पंधरा-सोळा वर्षांची होते आणि ती मान फक्त माझ्यासाठी हलायची.

मग रत्ना आली.

रत्ना माझी चुलतबहीण, माझ्याहून वर्षानं लहान. पेठ वडगावजवळच्या खेड्यात काका होते. काकू वारली, काकांनी दुसरं लग्न केलं आणि एका सकाळी ते पत्र्याची ट्रंक आणि रत्ना दोन्ही आमच्या दारात ठेवून उभे राहिले. "ठिवून घे दादा," ते अण्णांना म्हणाले. "शिकली, नर्स का काय झाली तर बरंच हाय. न्हाईतर मे महिन्यात लगीन लावतो. स्थळ आलंया. दोन पोरांचा बाप हाय, पर माणूस बरा हाय." आईनं तिथल्या तिथं ठरवलं की पोरीला नर्सिंगला घालायची. पण आमच्याकडच्या नर्सिंगच्या शाळेत प्रवेशाला पाळकांचं पत्र लागायचं, की मुलगी प्रभुभोजनात, म्हणजे भाकरी-द्राक्षरसाच्या विधीत, घेतलेली, मंडळीची पूर्ण सभासद आहे. रत्नाला ईस्टरला प्रभुभोजनात घेणार होते. म्हणजे हिशेब साधा होता. ईस्टर पार पडला तर पांढरा गणवेश, नाही तर दोन पोरांचा बाप.

रत्नाचं वाचन यथातथाच होतं. ओळीखाली बोट धरून, ओठ हलवत ती वाचायची आणि जोडाक्षराशी थांबून माझ्याकडे बघायची. आकडे मात्र तिला पक्के यायचे. सगळ्या वडगावकरणींसारखी ती स्वतःला 'मी आलो, मी गेलो' म्हणायची. अण्णा तिला 'आले, गेले' शिकवायचे आणि ती "व्हय की" म्हणून पुन्हा 'आलो' म्हणायची. पण तिचा कान असा होता की एकदा ऐकलेलं विसरायची नाही. महिन्याभरात, मी मार्क म्हणत असताना कुठं अडले की अण्णांच्या आधी कोपऱ्यातून, तांदूळ निवडता निवडता तीच पुढचा शब्द सांगायला लागली. "आक्का, 'लगेच' ऱ्हायलं." मार्कात 'लगेच' फार आहे. ते एखादं सुटलं तरी येशूचं काही अडत नाही, पण रत्नाचं अडायचं. तिला सगळ्यात आवडायचे ते मधले परके शब्द. मेलेल्या मुलीला उठवताना म्हटलेला, आणि हा इप्फाथा. "ह्यो शबूद लई भारी हाय," ती म्हणायची. "त्वांडात धरला की गार लागतो."

इथं आजोबांबद्दल सांगायला हवं. अण्णांचे वडील बाप्तिस्मा घेण्याआधी विंचू उतरवायचे. पंचक्रोशीतून माणसं यायची. बाप्तिस्म्याच्या आदल्या दिवशी ते वारणेत कमरेइतक्या पाण्यात उभे राहिले आणि आपला मंत्र मोठ्यानं म्हणून त्यांनी पाण्यात सोडून दिला. असा सोडलेला मंत्र पुन्हा लागू पडत नाही, अशी समजूत होती. प्रेषितांच्या काळात इफिस शहरातल्या लोकांनी जादूच्या पोथ्या आणून चारचौघांत जाळल्या होत्या. आजोबांना लिहिता येत नव्हतं, पोथी नव्हती, म्हणून नदी. अण्णा ही गोष्ट अभिमानानं सांगायचे, पण शेवटाकडे त्यांचा आवाज जरा पडायचा. पाण्याबरोबर काही जास्तीचं वाहून गेलं असावं, असा.

त्या जानेवारीत अव्वाच्या नातीचा, गौराचा, कान दुखायला लागला. वर्ष-दीड वर्षाची पोर. दोन दिवस तिचं रडणं भिंतीवरून आमच्या घरात येत होतं. आई ड्यूटीवर होती. तिसऱ्या दिवशी दुपारी रत्ना हातातलं भांडं ठेवून उठली. "मी बघून येतो," म्हणाली आणि गेली. मीही मागोमाग गेले, कारण मला तमाशा बघायचा होता. रत्नानं पोरीला सुनेच्या कडेवरून घेतलं, अंगणातल्या बायकांपासून लांब, पेरूच्या झाडाखाली नेलं. तिनं करंगळीला थुंकी लावली, पोरीच्या कानात हळूच फिरवली, वर बघितलं. मग तिनं उसासा टाकला. मी तो उसासा शेकडो वेळा म्हटला होता. 'उसासा टाकला', दोन शब्द, पुढं स्वल्पविराम. रत्नाचा उसासा पाठ केलेला नव्हता. तिला खरंच वाईट वाटत होतं. मग ती पोरीच्या कानाशी पुटपुटली, "इप्फाथा." गौरा हुंदके देत गप्प झाली आणि दहा मिनिटांत तिच्या खांद्यावर झोपली.

संध्याकाळी आईनं कान बघितला. "आतला फोड फुटला असणार. पू आलाय, म्हणून ठणका थांबला," ती म्हणाली आणि रत्नाची करंगळी साबणानं तीनदा धुतली. पण अव्वाला फोडाशी देणंघेणं नव्हतं. दुसऱ्या दिवशी भिंतीवरून शेंगांच्या पोळ्यांचं ताट आलं, तुपाच्या वाटीसकट. "ए पोरी, तुमच्या देवाचा मंत्र चांगला हाय ग," अव्वा ओरडली. "आमच्या मठातल्या अय्यांना न्हाई जमलं ते." आठवड्याभरात वस्तीतल्या बायका दुपारच्या वेळी काही ना काही निमित्तानं येऊ लागल्या. कुणाचा दात, कुणाचं डोकं, कुणाच्या गाईचं दूध आटलेलं. रत्ना गाईच्या कानातही इप्फाथा म्हणून आली. बरं काय झालं आणि काय आपोआप बरं होणारच होतं, याचा हिशेब कुणी ठेवला नाही. असल्या बाबतीत तो कधीच कुणी ठेवत नाही. नात्यातली माझी एक भाची हल्ली फोनवर एका प्रचारकाची चित्रफीत पाठवत असते. पांढरा सूट, धुराचं यंत्र, स्टेजवर पडणारी माणसं आणि शेवटी अभिषेकाच्या तेलाची बाटली. मी बघते आणि मला पेरूचं झाड आठवतं. तिथं ना धूर होता ना सूट, फक्त एक लाळेची करंगळी.

पोळ्या मीही खाल्ल्या. चांगल्या होत्या. पण प्रत्येक घासाला मला वाटायचं, सोळा अध्याय मला पाठ आहेत, आणि ताट हिच्या एका शब्दाला आलं. तो शब्दसुद्धा माझ्याच तोंडून ऐकलेला. मी म्हटला तर पाठांतर आणि हिनं म्हटला तर औषध! मी तिच्याशी बोलणं कमी केलं. तिच्या वेणीला तेल लावायचं माझ्याकडं होतं, ते मी घाईनं उरकायला लागले. तिला काही कळलं नाही, किंवा कळूनही तिनं दाखवलं नाही. "आक्का, दमलीस व्हय?" एवढंच विचारायची. तिच्या त्या विचारण्याचाही मला राग यायचा.

तरीही हे सगळं मी गिळलं असतं. गिळता आलं नाही ते एका शनिवारी दुपारी घडलं. अण्णांना अर्धशिशी होती. ती उठली की ते खिडकीला चादर लावून, भिंतीकडे तोंड करून पडायचे, आणि घरात कुणी बोलायचं नाही. वर्षानुवर्षं त्यांच्या कपाळावर ओल्या फडक्याची घडी ठेवायचं काम माझं. त्या दिवशी मी फडकं पिळून आत गेले, तर अण्णा डोळे मिटूनच म्हणाले, "सुलू, राहू दे. रत्नाला बोलाव. म्हणावं, जरा हात ठेव." मी दारात उभी राहिले. रत्ना आत गेली, तिनं थुंकी लावली नाही की काही म्हटलं नाही. नुसता हात ठेवून बसली. थोड्या वेळानं अण्णा म्हणाले, "माझ्या बापाचा हात असाच होता. गार." माझ्या हातातल्या फडक्यातून पाणी गळून पायावर पडत होतं. मीही त्याच आजोबांची नात होते. पण तो हात माझ्याकडे आला नव्हता. माझ्याकडे फक्त अक्षर आलं होतं.

दुसऱ्याच दिवशी मी अव्वाकडे गेले. गौराचा दुसरा कान ठणकत होता आणि रत्ना विहिरीवर गेली होती. मी पोरीला पेरूखाली नेलं, सगळं क्रमानं केलं, शब्द तर रत्नापेक्षा शुद्ध उच्चारला. गौरानं माझ्याकडे एकवार नीट बघितलं आणि माझ्या बोटाला कडकडून चावली. वर अशी किंचाळली की तिन्ही सुना धावत आल्या. "तुला जमंना ग," अव्वा म्हणाली. "जा, त्या पोरीला पाठव." प्रेषितांच्या गोष्टीत स्किवा नावाच्या याजकाचे सात मुलगे आहेत. त्यांनी कुणाचं तरी ऐकून येशूच्या नावानं भूत काढायला घेतलं, तर भुतानं त्यांनाच विचारलं की तुम्ही कोण, आणि असं बडवलं की ते उघडेनागडे पळाले. मी निदान कपड्यांनिशी परतले. बोटावर चार दातांचे व्रण होते.

आमच्या तरुण संघात एक प्रश्नपेटी असायची. बिस्किटाचा जुना डबा, झाकणाला चीर. कुणीही नाव न लिहिता चिठ्ठी टाकावी आणि रविवारच्या उपासनेनंतर पाळकसाहेबांनी ती सगळ्यांसमोर वाचून उत्तर द्यावं. मी चिठ्ठी टाकली. आजही ती मला शब्दन् शब्द आठवते, पाठांतराचा हा एक तोटा. 'एखादी व्यक्ती मार्क ७ मधील परका शब्द मंत्रासारखा म्हणून, थुंकी लावून रोग बरे करत असेल, तर ती जादू होय काय? अशा व्यक्तीला प्रभुभोजनात घ्यावे काय?' स्वच्छ, सुवाच्य, वस्तीत एक नंबर असलेल्या अक्षरात. मला अक्षर वाकडं काढायचं सुचलंच नाही. खोटं सांगत नाही, चिठ्ठी चांगली दिसावी असंच तेव्हाही वाटत होतं.

पाळकसाहेबांनी चिठ्ठी वाचली आणि त्यांचा चेहरा उजळला. वर्षभर त्यांना 'सिनेमा बघावा का' एवढाच प्रश्न येत असे. त्यांनी शोमरोनातल्या शिमोन जादूगारापासून सुरुवात केली, करणी, भानामती, उतारे यांना झोडपलं आणि शेवटी जाहीर केलं की मंडळीचा कारभार बघणारं पंचमंडळ या बाबीची चौकशी करील. व्यक्ती कोण हे विचारायची गरजच नव्हती. अण्णा पंच होते. ते माझ्या शेजारीच बसले होते. त्यांनी चिठ्ठीकडे बघितलं, मग फळ्यावरच्या त्या दिवसाच्या आकड्यांकडे, आणि मग आपल्या चपलांकडे. माझ्याकडे बघितलं नाही.  घरी मटण त्यांच्या पानात तसंच राहिलं.

बुधवारी संध्याकाळी पंचमंडळ बसलं. मंदिरातली पुढची चार बाकं, टेबल, टेबलामागे ती हातांची खुर्ची. टेबलावर पुरावा म्हणून चिठ्ठी उघडून ठेवलेली, वर पेपरवेट. रत्ना उभी होती, माझी निळी साडी नेसून. आईनं माझ्या ट्रंकेतून न विचारता काढून दिली होती. आई मागच्या बाकावर होती. आणि मला बोलावलं होतं साक्षीला, कारण पाळकसाहेबांना ठाऊक होतं की मला मार्क पाठ आहे. पुस्तक उघडण्यापेक्षा मुलीकडून म्हणवून घेणं त्यांना जास्त शोभिवंत वाटलं असावं.

"मुली," ते रत्नाला म्हणाले, "तू लोकांच्या अंगाला थुंकी लावतेस, हे खरं?"

"व्हय जी. बोटाला लावतो, मग कानात."

"आणि मंत्र म्हणतेस?"

"मंत्र न्हाय जी. येशूनं म्हटल्याला शबूद हाय. आक्का म्हणती रोज."

"येशूनं असा थुंकी लावण्याचा प्रकार कधी केला?" साहेब पंचांकडे बघून हसले. दोघे-तिघे पंचही हसले. त्यांचा बहुधा तसा समजच होता. वस्तीत वाचला जायचा तो मत्तय, नव्या करारात त्याला मुखपृष्ठाजवळची जागा आहे. "सुलोचना, तो उतारा म्हण. मंडळाला ऐकू दे."

मी उभी राहिले. म्हणायला लागले. बहिऱ्याला आणलं, त्यानं त्याला गर्दीतून एकीकडे नेलं. समोर रत्ना ओठ हलवत होती, घरी हलवायची तशीच. आणि मग मी 'थुंकला' हा शब्द घेतलाच नाही. बोटांवरून थेट आकाशाकडे गेले. थुंकी गाळली, जीभ गाळली, परका शब्दही गाळला, आणि मोकळा हो असं म्हटलं, आणि तो मोकळा झाला, असं म्हणून सुबक उतारा पुरा केला. अडखळले नाही. पाठ असलेल्या माणसाला गाळणंही चांगलं जमतं. अण्णांचं बोट त्यांच्या मांडीवरच्या मिटल्या पुस्तकावर फिरत होतं, ते थांबलं. पाळकसाहेब म्हणाले, "ऐकलंत?"

तेवढ्यात रत्ना म्हणाली, "आक्का, थुंकी ऱ्हायली तुझी."

घरी म्हणायची त्याच आवाजात. 'लगेच' राहिलं म्हणून सांगायची तशी. वर म्हणाली, "आन् इप्फाथा बी."

कुणीतरी पानं उलटायला लागलं. मग सगळ्यांनीच उलटली. जाड चष्मा असलेल्या एका म्हाताऱ्या पंचांनी तो भाग मोठ्यानं वाचला, थुंकीपाशी थांबले, पुन्हा वाचला. "हाय की हो साहेब," ते म्हणाले. "थुंकला म्हणूनच लिवलंय." पाळकसाहेबांनी घसा साफ केला आणि म्हणाले की प्रभूला अधिकार होता, जादूगारांना नसतो. तेव्हा अण्णा पहिल्यांदा बोलले. "साहेब, नाताळात आपण फेटा बांधून येता ना, तो मागी म्हणजे जादूगारच. मूळ भाषेत शिमोनाला आणि त्याला एकच शब्द आहे. एकाला आपण हाकलतो, एकाला दरवर्षी शाल देतो." मागच्या बाकावर आईला खोकल्याची मोठी उबळ आली.

तासाभरानं ठराव झाला. थुंकी व परका शब्द वगळून, साध्या मराठीत आजाऱ्यांसाठी प्रार्थना करण्यास हरकत नाही. सदर मुलीस ईस्टरला प्रभुभोजनात घ्यावे. "म्हणजे मत्तयानं केलं तेच," अण्णा वाटेत स्वतःशी म्हणाले. माझ्याशी नाही. आई रत्नाच्या खांद्यावर हात टाकून पुढं चालली होती. "हात चांगला आहे तुझा," ती तिला सांगत होती. "थुंकीचं सोड. वॉर्डात असला हात लागतो. आधी धुवायचा, मग ठेवायचा." मी सगळ्यांच्या मागं होते.

रविवारी स्पर्धा होती. मी सोळा अध्याय म्हटले. सातव्यात थुंकी आली तेव्हा माझा आवाज इतका चढला की परीक्षकांनी दचकून वर बघितलं. पहिलं बक्षीस मिळालं, पितळेची छोटी घंटा. ती घेऊन मी अण्णांपुढे उभी राहिले. बुधवारपासून ते माझ्याशी बोलले नव्हते. त्यांनी घंटा हातात घेतली, एकदा वाजवली, परत दिली. "आज पूर्ण म्हटलंस," ते म्हणाले. मान हलवली नाही.

चिठ्ठीबद्दल अण्णा मरेपर्यंत बोलले नाहीत. मीही नाही. फळ्यावरचे आकडे मात्र त्यांनी त्यानंतर मला लिहायला लावले नाहीत. दुसऱ्या कुणाला सांगितलं, जणू सहज. रत्ना नर्स झाली, चाळीस वर्षं वॉर्डांत काढून निवृत्त झाली. तिचा मुलगा कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत आहे, या नावाला मी अजून हसते. ती त्याच्याकडे राहते आणि महिन्यातून एकदा एसटीनं मला बघायला येते. मी शाळेत शिकवलं, वाचलं, पुष्कळ गोष्टींवरचा विश्वास गमावला आणि आता कानांनी गेले आहे. मशीन लावते.

गेल्या महिन्यात ती आली तेव्हा मला तिचे फक्त ओठ हलताना दिसत होते. ती उठून जवळ आली. माझी मान एका बाजूला कलती केली, करंगळी कानाशी आणली आणि, हसू नका, मी डोळे मिटले. तिनं मशीन काढलं, पदरानं पुसलं, पर्समधून नवा सेल काढून घातला आणि परत कानात बसवलं. "सेल संपल्याला," तिचा आवाज आला. "कवाधरनं बडबडतोय मी."

आणि का कोण जाणे, त्या स्पष्ट आवाजात मी तिला इतक्या वर्षांनी सांगून टाकलं की ती चिठ्ठी माझी होती.

"म्हाईत हाय की," ती म्हणाली. "टेबलावर उघडी पडलीती. अक्षरं मला कुठं धड वाचाय येत हुती, पर सात दिसला की. तुझ्या साताला शेपूट असतंया. दर रविवारी फळ्यावर बघत हुतो."

मग मी तिला विचारलं, जे मी तेव्हापासून स्वतःला विचारत होते. चिठ्ठी माझी हे ठाऊक असताना, सगळ्यांसमोर थुंकी राहिली म्हणून तिनं सांगितलं ते मला उघडं पाडायला, की स्वतःला वाचवायला?

रत्नानं माझ्याकडे असं बघितलं, जसं ती जोडाक्षराकडे बघायची.

"रविवारी तुझी स्पर्धा न्हवती व्हय?" ती म्हणाली. "तिथं बी तसंच म्हटली असतीस तर?"

तिनं उसासा टाकला आणि चहा ठेवायला आत गेली. मशीन चांगलं होतं. उसासा मला पूर्ण ऐकू आला. आणि मी, सत्तरी ओलांडलेली बाई, त्या उसाशाचा हेवा करत बसले.